हरलेल्या फेव्हरिटची बाजू

मोठी शर्यत हरलेल्या फेव्हरिटला कारणांची कधी उणीव पडत नाही. गेटमधून नीट सुटला नाही, वळणावर बाहेर फेकला गेला, मैदान ओलं होतं, जॉकीनं घाई केली, जॉकीनं उशीर केला. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या स्टँडमध्ये ‘जॉकीनं ओढला’, म्हणजे मुद्दाम मागे ठेवला, हे एक जास्तीचं कारण ऐकू येतं. बाकीची यादी न्यूयॉर्क असो की एप्सम, सारखीच असते. शर्यतींवर लिहिणाऱ्याचं निम्मं काम ही कारणं तपासण्याचं असतं, आणि ते काम आम्ही फार ढिलेपणानं करतो असं माझं ठाम मत आहे. हरलेल्याला दिलेली प्रत्येक सवलत कुणाच्या तरी खात्यातून वजा होते, आणि ते खातं जिंकलेल्या घोड्याचं असतं. ‘फेव्हरिट अडकला म्हणून हरला’ असं लिहिताना ‘जो जिंकला तो त्या विजयाला पात्र नव्हता’ असंही आपण लिहीत असतो. एवढं मोठं विधान करायचं, तर त्यामागे पुरावा हवा.

पुरावा मिळतो, पण तो शोधावा लागतो आणि पुष्कळदा तो नाट्यमय नसतो. मॅन ओ’ वॉर हा अमेरिकन घोडा आयुष्यात 21 वेळा धावला आणि 20 वेळा जिंकला. एकमेव पराभव 1919 च्या ऑगस्टमध्ये साराटोगाला, सॅनफर्ड मेमोरियलमध्ये झाला. जिंकलेल्या घोड्याचं नाव अपसेट आणि अंतर अर्ध्या लेंग्थचं, म्हणजे घोड्याच्या अर्ध्या लांबीचं. आजची स्टार्टिंग गेट्स तेव्हा नव्हती, सुरुवात गोंधळाची झाली, पुढे तो घोड्यांमध्ये कोंडला गेला. शंभर वर्षं ही हकिगत अशीच सांगितली जाते. पण त्या दिवशी मॅन ओ’ वॉरच्या पाठीवर 130 पौंड होते आणि अपसेटच्या पाठीवर 115. पंधरा पौंडांचा हा फरक शर्यतीआधीच ठरलेला होता, तो मोजता येत होता, आणि त्यावर कुणाचा वाद नव्हता. सहा फर्लाँगांच्या शर्यतीत अर्ध्या लेंग्थच्या निकालाला तो एकटा पुरतो. तरी सांगताना तो मागे पडतो आणि बिघडलेली सुरुवात पुढे येते, कारण सुरुवातीत गोष्ट आहे आणि वजनात फक्त आकडा आहे. जे कारण सांगायला सर्वांत रंगतदार, तेच सर्वांत खरं असं आपण नकळत धरून चालतो. टीकाकाराची पहिली चूक इथे होते.

मग खरं कारण ओळखायचं कसं? माझ्या मते त्यानं पुढच्या शर्यतीबद्दल काहीतरी सांगायला हवं, आणि ते पुढे खरं ठरायला हवं. 1973 च्या एप्रिलमध्ये ॲक्वेडक्टवर वुड मेमोरियल झाली. फेव्हरिट घोडा सेक्रेटेरिएट तिसरा आला. पुढे होते त्याच्याच ट्रेनरचा, ल्युसियन लॉरिनचा दुसरा घोडा अँगल लाइट आणि दुसऱ्या गोटातला शॅम. सेक्रेटेरिएटच्या तोंडात गळू झालं होतं. लगाम तोंडात घेऊन धावणाऱ्या प्राण्याला त्याचा त्रास होणार हे उघड आहे. याच कारणातून अंदाजही निघतो: गळू बरं झालं, की घोडा पूर्वीसारखा धावला पाहिजे. दोन आठवड्यांनी केंटकी डर्बी झाली. तिच्यात त्यानं प्रत्येक पाव मैल आधीच्या पाव मैलापेक्षा जलद कापला आणि 1 मिनिट 59.4 सेकंदांत शर्यत संपवली. तो विक्रम अजून मोडलेला नाही. अँगल लाइट त्या डर्बीत पहिल्या पाचातही नव्हता. गळूचं कारण या कसोटीला उतरलं. अर्थात वुडमध्ये अँगल लाइटला पुढे राहून आपल्या सोयीच्या वेगानं पळू दिलं गेलं, हेही निकालात धरायला हवं. एका पराभवाला एकच कारण असतं हा आग्रह मला मान्य नाही.

त्याच डर्बीत शॅमचं डोकं गेटवर आपटलं आणि त्याचे दोन दात गेले. तो अडीच लेंग्थनं दुसरा आला. दात शाबूत असते तर काय झालं असतं, असा प्रश्न त्याच्या चाहत्यांनी विचारणं समजण्यासारखं आहे. पण दोन आठवड्यांनी प्रीकनेसमध्ये हेच दोघे पुन्हा भेटले आणि अंतर पुन्हा अडीच लेंग्थच राहिलं. त्या जखमेनं वेदना नक्की दिली असेल. दोन घोड्यांमधलं अंतर मात्र तिच्यामुळे पडलं असं म्हणता येत नाही. शॅमला खरं तर कुठल्याही सबबीची गरज नव्हती. दोन मिनिटांच्या आसपास डर्बी पळणारा घोडा जवळजवळ कोणत्याही दुसऱ्या वर्षी जिंकला असता, आणि त्याच्याबद्दल लिहिताना हेच आधी लिहायला हवं.

सर्वांत गुंतागुंतीचं उदाहरण 1979 च्या बेलमाँटचं आहे. स्पेक्टॅक्युलर बिड सलग बारा शर्यती जिंकून आला होता, ट्रिपल क्राउनच्या तीन शर्यतींपैकी डर्बी आणि प्रीकनेस त्याच्या नावावर होत्या, आणि भाव होता 3/10, म्हणजे रुपयाला जेमतेम तीस पैसे नफा. तो तिसरा आला. कोस्टल पहिला, गोल्डन ॲक्ट दुसरा. त्यानंतर तीन स्पष्टीकरणं पुढे आली. पहिलं, दीड मैलाचं अंतर त्याला झेपत नाही. दुसरं, एकोणीस वर्षांचा जॉकी रॉनी फ्रँकलिन 85 ला 1 भावाच्या गॅलंट बेस्टच्या मागे फार लवकर लागला आणि घोड्याचा दम सुरुवातीलाच खर्च झाला. तिसरं ट्रेनर बड डेल्प यांनी सांगितलेलं: त्या दिवशी सकाळी घोड्याचा पाय तबेल्यात सेफ्टी पिनेवर पडला होता. लोकांच्या स्मरणात राहिली ती पिनच. आता कसोटी लावून पाहू. त्याच वर्षी, त्याच बेलमाँट पार्कवर, त्याच दीड मैलाच्या अंतरावर जॉकी क्लब गोल्ड कप झाला. आदल्या वर्षीचा ट्रिपल क्राउन विजेता अफर्म्ड पहिला, बिड पाऊण लेंग्थनं दुसरा, आणि तिसरा कोण, तर कोस्टल. म्हणजे अंतर झेपत नाही हे स्पष्टीकरण तिथेच बाद होतं. घाईच्या सवारीचं स्पष्टीकरण टिकतं, कारण ती सवारी चित्रफितीत कुणालाही दिसते आणि अनुभवी बिल शूमेकर पाठीवर आल्यावर घोडा पुन्हा बहरला. 1980 मध्ये तो नऊ वेळा धावला आणि नऊही वेळा जिंकला. पिनेची गोष्ट खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण खुराच्या त्या दुखण्यानं किती लेंग्थ गेल्या, हे सांगण्याचं साधन कुणाकडे नाही. जे मोजता येत नाही ते मथळ्यात घालू नये, एवढाच माझा आग्रह आहे. आणि या सगळ्या चर्चेत कोस्टल कुठे असतो? डर्बी आणि प्रीकनेस न धावता तो ताज्या दमानं बेलमाँटला उतरला होता, आणि त्याआधी पीटर पॅन स्टेक्स त्यानं तेरा लेंग्थनं जिंकली होती. पिनेबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांच्यातल्या फार थोड्यांना हे ठाऊक असतं.

दोष जॉकीच्या माथी मारणं तर त्याहून सोपं. 1986 च्या एप्सम डर्बीत डान्सिंग ब्रेव्ह अर्ध्या लेंग्थनं हरला. टॅटनहॅम कॉर्नरला तो फार मागे होता आणि शेवटच्या दोन फर्लाँगांत त्यानं घेतलेली धाव आजही पाहणाऱ्याला चक्रावून टाकते. ग्रेव्हिल स्टार्की या जॉकीवर टीकेचा भडिमार झाला. घोड्याच्या बाजूनं मांडलेला दावा पुढे सिद्ध झाला: ॲस्कटच्या किंग जॉर्जमध्ये आणि पॅरिसच्या आर्कमध्ये डान्सिंग ब्रेव्ह जिंकला आणि एप्समचा विजेता शहरस्तानी दोन्हीकडे चौथा आला. इथवर मी टीकाकारांशी सहमत आहे. मात्र मधल्या काळात शहरस्तानीनं आयरिश डर्बी आठ लेंग्थनं जिंकली होती, आणि एक्लिप्समध्ये डान्सिंग ब्रेव्हला विजयापर्यंत नेणारा स्वार स्टार्कीच होता. शहरस्तानीला केवळ नशीबवान म्हणणं आणि स्टार्कीला केवळ निकामी म्हणणं, दोन्ही अन्यायाचं आहे.

झेन्याटाच्या बाबतीत हा अन्याय जॉकीनं स्वतःवर ओढवून घेतला. ही घोडी 2010 च्या ब्रीडर्स कप क्लासिकला उतरली तेव्हा 19 पैकी 19 शर्यती जिंकलेली होती. ब्लेमनं तिला डोक्याच्या अंतरानं हरवलं आणि जॉकी माइक स्मिथनं डोळ्यांत पाणी आणून सगळा दोष स्वतःकडे घेतला. माणूस म्हणून त्याच्याबद्दल मला आदर वाटतो, पण साक्ष म्हणून ते विधान मी जसंच्या तसं स्वीकारत नाही. शेवटून येणं हीच तिची पद्धत होती. त्या पद्धतीनं एकोणीस वेळा साथ दिली तेव्हा ती तिची महानता ठरली. विसाव्या वेळी डोक्याएवढं अंतर कमी पडलं तेव्हा ती जॉकीची चूक कशी ठरेल? सुरुवातीला ती नेहमीपेक्षाही मागे पडली होती हे खरं, पण तिच्यापुढे ब्लेमसारखा घोडा होता आणि चर्चिल डाउन्सची माती त्याच्या ओळखीची होती. विजयात घोडी आणि पराभवात जॉकी, ही वाटणी कोणत्याही न्यायात बसत नाही.

पुढच्या शर्यतीच्या या कसोटीवर पहिला आक्षेप रास्त आहे. घोडा वर्षातून मोजक्या वेळा धावतो, डर्बी तर जन्मात एकदाच. पुढच्या शर्यतीत अंतर, मैदान, प्रतिस्पर्धी सगळं बदलतं. तिला कसोटी कसं मानायचं? उत्तर असं, की म्हणूनच एका पुराव्यावर न थांबता त्याच शर्यतीतल्या इतर घोड्यांकडे पाहायचं. 2022 च्या केंटकी डर्बीत 80 ला 1 भावाचा रिच स्ट्राइक जिंकला. दुसरा एक घोडा आदल्या दिवशी मागे घेतला गेला म्हणूनच त्याला जागा मिळाली होती. निकालानंतर सगळ्यांनी एकच सांगितलं: पुढच्या घोड्यांनी पहिला पाव मैल 21.78 सेकंदांत कापला, डर्बीच्या इतिहासातला सर्वांत जलद, आणि मग ते कोसळले. हे खरंच आहे. पण तो वेग मागून येणाऱ्या सगळ्याच घोड्यांच्या पथ्यावर पडला होता. त्यांच्यातला हाच का जिंकला, हे त्या आकड्यातून निघत नाही. जॉकी सनी लिऑननं त्याला गर्दीतून वाट काढत आतल्या बाजूनं, रेललगत आणलं ते पाहावं लागतं. आणि पुढे तो एकही शर्यत जिंकला नाही, हेही नोंदवावं लागतं. त्या दिवशीचा विजय त्यानं खरोखर कमावला, आणि तो त्या दिवसापुरताच त्याच्या कुवतीत होता; माझ्या लेखी ही दोन्ही विधानं एकत्र उभी राहतात.

तर मग फक्त घड्याळावर विसंबावं, असं काही जण म्हणतात. सेक्रेटेरिएटच्या प्रीकनेसची वेळ अधिकृत घड्याळानं आधी 1:55 दाखवली, मग ती दुरुस्त करून 1:54.4 झाली, आणि 2012 मध्ये मेरीलँड रेसिंग कमिशननं ती 1:53 ठरवली. घड्याळ हाही एक साक्षीदारच आहे, आणि त्याचीही उलटतपासणी करावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ट्रेनर आणि जॉकी त्या प्राण्याबरोबर रोज असतात. स्टँडमध्ये दुर्बीण घेऊन बसणाऱ्यानं त्यांच्या शब्दावर शंका का घ्यावी? त्यांना जास्त माहीत असतं हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच ते कधी सांगितलं जातं याला मी फार महत्त्व देतो. सेक्रेटेरिएटच्या गळूबद्दल वुड मेमोरियलच्या दिवशी त्याच्यावर पैसे लावणाऱ्या लोकांना काही कळलं नव्हतं. हीच माहिती शर्यतीआधी मिळाली असती तर ती लोकांच्या उपयोगी पडली असती. शर्यतीनंतर ती फक्त घोड्याच्या नावलौकिकाच्या कामी आली. हाँगकाँगचा जॉकी क्लब प्रत्येक घोड्याच्या दुखापतींची आणि वैद्यकीय तपासण्यांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवतो, शर्यतीच्या टप्प्याटप्प्याच्या वेळाही देतो, आणि स्टुअर्ड्सच्या अहवालात कोण कुठे अडकला, कोण बाहेरून पळाला हे घोड्यागणिक लिहिलेलं असतं. तिथेही फेव्हरिट हरतात आणि त्यावर वाद होतात, पण वाद घालणाऱ्या दोघांसमोर कागद एकच असतो. आपल्याकडेही घोड्याच्या कामगिरीबद्दल स्टुअर्ड जॉकीला आणि ट्रेनरला बोलावून विचारतात. त्या उत्तरांना आणि तबेल्यातल्या पशुवैद्याच्या नोंदींना वर्तमानपत्राच्या रेसच्या पानावर ठळक जागा मिळायला हवी, आणि ती पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या अंकात मिळायला हवी. फेब्रुवारीत महालक्ष्मीवर इंडियन डर्बीचे 2400 मीटर पळले गेले, की दुसऱ्या दिवशीच्या लेखात विजेता कोणत्या वेगानं आणि कोणत्या वाटेनं पुढे आला हे सर्वांत आधी यावं, आणि फेव्हरिटला काय नडलं हे त्यानंतर, जेवढं सिद्ध करता येईल तेवढंच.