चारीला पडलेलं वळण

जेसीबी हे कंपनीचं नाव आहे, मशीनचं नाही, हे मला इंजिनीअरिंगला गेल्यावर कळलं. जोसेफ सिरिल बॅमफोर्ड नावाच्या इंग्रज माणसाने १९४५ साली ही कंपनी काढली. त्याच्या नावाची ती तीन आद्याक्षरं. १९७९ मध्ये कंपनी भारतात आली आणि हरियाणातल्या बल्लभगडला मशीनं बनू लागली. या मशीनचं खरं नाव 'बॅकहो लोडर'. पण राहुरीत कुणाला बॅकहो विचारून बघा, तो तुमच्याकडेच बघत राहील. इथे पिवळं काही खोदत असेल तर तो जेसीबी, आणि साखळीच्या पट्ट्यावर चालत असेल तर पोकलेन. पोकलेन हेही एका फ्रेंच कंपनीचंच नाव आहे.

२०१९ च्या मे महिन्यात 'जेसीबी की खुदाई'चे मीम आले, ते तुम्हाला आठवत असतील. काम-धंदा सोडून लोक खोदकाम बघत उभे राहतात, हा त्यातला विनोद. मलाही हसू आलं होतं. पण गावात लोक उभे राहतात त्याला कारण असतं. आपल्या बांधाशेजारी मशीन उतरलं की ते नेमकं कुठपर्यंत येणार, आपली पाईपलाईन वाचणार का, हे बघायला माणूस उभा असतो.

गेल्या उन्हाळ्यात मला हे मशीन चालवायला मिळालं. माझ्या चुलतभावाने, दादाने, एक जुना जेसीबी घेतलाय. मी एप्रिल-मे घरूनच काम करत होतो. विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत नवी पाईपलाईन टाकायची ठरली होती. साधारण सातशे फूट लांब आणि तीन फूट खोल चारी घ्यायची. मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचं आवर्तन सुटायच्या आत हे काम उरकायला हवं होतं. कालवा वाहायला लागला की खालच्या चिबड तुकड्यात पाझर सुरू होतो, आणि काळ्या मातीत पाणी मुरलं की साडेसात टनांचं मशीन स्वतःच रुतून बसतं. दादाची दिवसभराची भाडी संपली की संध्याकाळी दोन तास आमच्या शेतात काम, आणि त्यातला अर्धा तास मी सीटवर, दादा खाली उभा.

लांबून हे काम ताकदीचं वाटतं. सीटवर बसल्यावर कळतं की यात ताकद आपली नसतीच. सीट उलटी फिरवायची, मागचे दोन पाय जमिनीवर टेकवून मशीन स्थिर करायचं आणि मग हात लांबवायचा. या हाताला आपल्यासारखाच खांदा, कोपर आणि मनगट. खांदा उचलताना कोपर आत घ्यायचं, मनगट वळवायचं, आणि हे सगळं एकाच लयीत. पास्कलचा नियम मी परीक्षेत लिहिला होता: बंद द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. लिव्हर बोटभर हलल्यावर समोरचं बकेट जमिनीत घुसतं, तेव्हा तो नियम पहिल्यांदा तळहाताला कळला. दादाने मात्र पास्कल सांगितला नाही. तो म्हणाला, "आवाज ऐक. इंजिन कण्हायला लागलं की दात दगडावर आहेत. तिथं जोर नाय करायचा, बाजूनं जायचं."

त्याचे नियम थोडे होते आणि पक्के होते. तारांखालून जाताना हात पूर्ण आवळलेला हवा. मशीन चालू असताना हाताच्या फिरण्याच्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही, घरचं कुत्रंसुद्धा नाही. काळी माती एका बाजूला आणि मुरूम दुसऱ्या बाजूला टाकायचा. बुजवताना आधी मुरूम, वर काळी. हा नियम साधा वाटतो, पण सगळ्यात जास्त मोडला जातो तो हाच. भाडं तासावर असतं, घाईत सगळं एकाच ढिगात जातं आणि तसंच परत लोटलं जातं. मग पुढची काही वर्षं त्या पट्ट्यात ऊस पिवळा आणि खुजा दिसतो. शेतातून चालताना पाईपलाईन कुठून गेलीय हे पिकावरून ओळखता येतं. बेसॉल्ट झिजून हातभर काळी माती व्हायला हजारो वर्षं लागतात. बकेटला ती मुरुमाखाली गाडायला मिनिटभर पुरतं.

शेवटचा नियम: चारी कंबरेपेक्षा खोल गेली की आत उतरायचं नाही. वळणाजवळ जोडासाठी आम्ही सहा फुटांचा खड्डा घेतला होता. वरची काळी माती उन्हाने भेगाळलेली. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून फाटते. खड्ड्याची भिंत सरळ आणि घट्ट दिसत होती. आम्ही चहाला बसलो असताना भेगेपासूनचा एक अख्खा कडप्पा आत बसला. आवाजही फार झाला नाही, धप्प. दहा मिनिटांपूर्वी गडी आत उतरून तळ साफ करायला निघाला होता आणि दादाने त्याला ओरडून थांबवलं होतं. चहाचा कप हातात घेऊन आम्ही तिघं त्या मातीकडे बघत राहिलो. नंतर दादाने खड्ड्याच्या कडा उतरत्या करून घेतल्या. काम तासाभराने वाढलं.

पण दादाचा पहिला नियम यातला कुठलाच नव्हता. पहिला नियम होता विचारण्याचा. दोन वर्षांपूर्वी तो शेजारच्या गावात एका कामावर गेला होता. शेतमालक म्हणाला, इथे खाली काही नाही, बिनधास्त घाल. खाली शेजाऱ्याची चालू लाईन होती. ऐन मे महिन्यात शेजाऱ्याच्या उसाचं पाणी तुटलं, दोन्ही घरं बांधावर आली आणि भांडणाचा निकाल असा लागला की जोडाचा खर्च मशीनवाल्याने द्यावा. तेव्हापासून दादा मालकाला विचारतो, शेजाऱ्याला विचारतो आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारतो. बांध सरकवायचं काम तर तो सरकारी मोजणीशिवाय घेतच नाही. "वीस मिनिटांत बांध जातो," तो म्हणतो, "आणि दोन भाऊ वीस वर्षं बोलत नाहीत."

आमच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस म्हणजे आजी. आबा गेल्यापासून शेताखालचं शेत फक्त तिला माहीत. सातबाऱ्यावर क्षेत्र आहे, पीक आहे, विहिरीची नोंद आहे; कुठली लाईन कुठून गेली आणि कुठे काय बुजवलं, ते कुठेच नाही. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून तिला शेतात नेलं. मी फोनवर नकाशा उघडला. ती काठीने दाखवत गेली आणि मी खुणा टाकत गेलो.

इथून जुनी सिमेंटची लाईन, आता बंद. इथे तुझ्या पणज्याचं खळं होतं. इथे माझ्या लग्नानंतर पहिलं बोअर घेतलं, कोरडं गेलं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची; तेव्हा सुट्टीच्या दिवशी या कोपऱ्यातला बांध आबांनी आणि तिने टिकाव-फावड्याने घातला होता. त्याला किती दिवस लागले, हे तिला आठवत नव्हतं. हाताचे फोड आठवत होते.

मग बाभळीच्या जुन्या खोडाजवळ तिने ट्रॉली थांबवली. "हितं आड व्हता. मोठी विहीर झाल्यावर बुजवला. काट्याकुट्या, पाचट, दगूड, मिळंल ते टाकलं."

आम्ही आखलेली चारी त्या खोडापासून सहा फुटांवर होती. म्हणजे मशीनचं मागचं चाक बरोबर आडाच्या तोंडावर आलं असतं.

वरून काहीच दिसत नव्हतं. गवत वाळलेलं, जमीन सपाट. दादाने मशीन लांब, कठीण जागेवर उभं केलं, हात पूर्ण ताणला आणि बकेटच्या दातांनी नुसतं दाबलं. पहिल्यांदा जमीन वीतभर खचली. दुसऱ्या वेळी अख्खं बकेट आत गेलं. वर आलं ते कुजून काळं पडलेलं लाकूड, दोन दगड आणि ओला, बंदिस्त वास. कडेचं जुनं दगडी बांधकाम शाबूत होतं, आतला भराव खाली बसून पोकळी झाली होती. दादाने इंजिन बंद केलं आणि बराच वेळ काहीच बोलला नाही. त्याच्यावर मशीनचं कर्ज आहे, आणि घरात दोन लहान मुली आहेत.

दुसऱ्या दिवशी चार ट्रॉली दगड-मुरूम टाकून आड नीट भरला आणि चारीची आखणी वीस फूट सरकवली. नवी आखणी दाखवायला मी फोन घेऊन आजीकडे गेलो. तिने स्क्रीनकडे बघितलंच नाही. कुठून नेताय, एवढंच विचारलं. मी सांगितलं.

"मग तिथं आंब्याच्या अलीकडं नका खोदू. सर्जा हाय."

सर्जा हा आबांचा बैल. मी जन्मायच्या आधीच गेलेला. खोल पुरलेला असणार, तीन फुटांच्या चारीला त्याची काही अडचण नव्हती. मी दादाकडे बघितलं. दादाने खिशातून चुन्याची पिशवी काढली आणि आंब्याला वळसा घालून नवी रेघ मारली.

आवर्तन सुटायच्या दोन दिवस आधी पाईप जोडून झाले. प्लंबर मोजत आला आणि आंब्याजवळ थांबला. सपाट रान, वाटेत ना झाड ना दगड, मग इथे लाईन का वळवली? दोन एल्बो जास्तीचे लागले आणि पाण्याचा दाब थोडा कमी होणार, तो वेगळाच. दादाने त्याला सांगितलं, "खाली आमचा माणूस हाय."

प्लंबरने पुढे काही विचारलं नाही. एल्बोला सोल्युशन लावलं, पाईप बसवला आणि सुकेपर्यंत दाबून धरला.