अचिल बेटावर आठ दिवस

आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो परगण्यांतील अचिल बेटावर लहानसें घर भाड्यानें घेऊन आम्ही मित्रमंडळी आठ दिवस राहिलों. हवा म्हणाल तर घटकेंत ऊन, घटकेंत पाऊस. पण चुलींत दलदलींतून कापून वाळविलेल्या मातीच्या विटा जळत, त्यांची ऊब मोठी सुखाची. शाकाहारामुळें पानांत रोज बटाटेच, म्हणून आमची कुरकूर मात्र चाले.

एके दिवशीं स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशीं गेलों. तेथें ८०-१०० दगडी घरें छपरावांचून उभीं आहेत. सभोंवार बटाट्यांच्या जुन्या वाफ्यांचे उंचवटे गवतांतून अजून दिसतात. १८४५ सालीं या पिकावर रोग पडला. पुढील दुष्काळांत देशांत सुमारें १० लक्ष माणसें मेलीं. हें गांवही हळूहळू ओस पडलें.

त्या रात्रीं पानांत पुन्हां बटाटेच आले. कोणीं एक फोडही टाकिली नाहीं.