पस्तीसची लेन्स आणि चतुर्थीची माटोळी

डिचोली तालुक्यातल्या पाळीत कॅमेरा घेऊन हिंडणाऱ्याला लेन्सचा प्रश्न दुकानात पडत नाही, रस्त्यावर पडतो. खनिजाचे ट्रक धावू लागले की लाल धूळ उठते आणि पानांवर, कुंपणांवर, कौलांवर बसते. सप्टेंबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, तेव्हा हीच पाने हिरवीगार दिसत होती. त्या धुळीत उभे राहून लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर डाग ओढवून घ्यायचे. म्हणून झूमवाले सांगतात, एकच लेन्स लावा आणि निघा. त्यांचे खरे आहे. खाणीला कुंपण असते. पायऱ्यापायऱ्यांनी खोल उतरलेल्या खड्ड्याच्या तळाचे पाणी दोनशे-तीनशे मिलिमीटरशिवाय हाती लागत नाही. आमोण्याला मांडवीतली बार्ज टिपायची तर पाय कुठवर पुढे टाकणार?

शिरगावच्या लईराईच्या जत्रेतही झूमच हवी. लोकरीच्या रंगीत गोंड्यांनी सजलेल्या वेताच्या काठ्या घेऊन हजारो धोंड, म्हणजे देवीचे भक्त, येतात, आणि रात्र सरता सरता निखाऱ्यांवरून चालतात. व्रत पाळून आलेल्या माणसाच्या वाटेत कॅमेरा आडवा येऊ नये. तिथे लांब राहणे हीच रीत.

चतुर्थीला मात्र घरात शिरावे लागते. खोली लहान, खिडकी त्याहून लहान. गणपतीच्या डोक्यावर माटोळी, म्हणजे फळाफुलांची टांगती चौकट, बांधलेली असते : सुपारीची शिपटी, आंबाडे, माळकांगणीचे घोस, कवंडळाची लालबुंद फळे. खाली समई. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ची झूम ५५ला नेली की तिचे छिद्र एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ची प्राईम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, त्याच जागी जवळजवळ दहापट उजेड आत घेते. झूमला सेकंदाचा सहावा भाग लागत असेल, तर हिला साठावा पुरतो. हात हलला तरी आंबाड्याच्या सालीवरचे ठिपके शाबूत राहतात, मागची भिंत अंधारात विरते, आणि फ्लॅश उडवून समईचा पिवळा उजेड मारावा लागत नाही. तो मारणे मला अगदी सोसत नाही.

पन्नासची प्राईम स्वस्त असते आणि जो तो तीच घ्यायला सांगतो. पण हौशी कॅमेऱ्यांच्या छोट्या सेन्सरवर ती पंचाहत्तर-ऐंशीइतकी अरुंद होते. आमच्याकडच्या खोल्यांत पाठ भिंतीला टेकली तरी अर्धी माटोळी बाहेर राहते. तिथे पस्तीसचीच हवी. या सेन्सरवर तिची नजर मोठ्या कॅमेऱ्यावरच्या पन्नासची होते, ज्या पन्नासवर छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक आयुष्य काढले. स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी पहिली झूम, फोइग्टलेंडरची झूमार, बाजारात आली ती १९५९ साली. त्याआधीचे हौशी लोक चालतच होते.

या चालण्याने चित्रच बदलते. फाटकापाशी उभे राहून झूम फिरवली तर तुळशीवृंदावन आणि मागची पडवी दोन्ही सारखीच मोठी होतात. चार पावले पुढे गेलात तर वृंदावन उंच होते, पडवी मागे सरते, घराला खोली येते. शिवाय पुढे गेलेला माणूस दिसतो. पडवीतली म्हातारी विचारते, कोणाचा तू? मग म्हणते, "पुता, पयलीं च्या घे, मागीर फोटो काड." चहानंतरच्या फोटोतला चेहरा मला फाटकावरून कधीच मिळालेला नाही.

एक गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची. आपल्या पावसात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. तेव्हा चार घेऊन ठेवू नका. असलेली झूम जत्रेसाठी आणि नदीसाठी राहू द्या, आणि पुढची घ्याल ती पस्तीसची घ्या. खात्री पटत नसेल तर आधी एक करा : येत्या चतुर्थीला झूमची कडी पस्तीसवर आणून तिला चिकटपट्टी लावा, आणि गणपती विसर्जनाला निघेपर्यंत ती काढू नका.