माहितीचा माग

रविवार, रात्री साडेदहा.

आज आईला फोनवरून विजेचं बिल भरायचं होतं. मी काही न सांगता शेजारी बसलो. ॲप उघडल्यावर वरच्या जाहिरातीकडे तिने पाहिलंही नाही. बोट पडद्यावर अधांतरी फिरत होतं. ती ‘बिल’ हा शब्द शोधत होती. तिथे लिहिलं होतं ‘पेमेंट सर्व्हिसेस’. बोट दोनदा त्यावरून गेलं, पण थांबलं नाही. "यात नाहीये रे. मला मेलीला कळतच नाही काही." माझ्या पोटात तुटलं.

पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी १९९०च्या दशकात झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मांडलेला सिद्धान्त आठवला. प्राणी वासाच्या मागाने भक्ष्य शोधतो, तसा माणूस शब्दांच्या मागाने माहिती शोधतो. वास विरला की तो दुसरीकडे वळतो. २००६ साली जेकब नील्सन यांनी २३२ जणांची नजर पडद्यावर कशी फिरते ते तपासलं. बहुतेक जण सगळं वाचतच नव्हते; वरच्या एक-दोन ओळी आणि डावी कड चाळून पुढे जात होते.

म्हणजे आई करत होती ते सगळं जग करतं. हीच आई ताटात तांदूळ पसरून निवडायला बसली की एक खडा सुटत नाही. नजर तीच, पण खडा कसा दिसतो ते तिला ठाऊक असतं.

चूक ‘पेमेंट सर्व्हिसेस’ या शब्दांची होती. उद्या सकाळी चहाच्या वेळी तिला हे नीट सांगायचं आहे.