दूध, कॅप्सूल आणि एक सिनेमा



आमच्या घरी संध्याकाळ लवकर संपते. अंथऊ सूर्यास्ताच्या आत, म्हणजे डिसेंबरात सहाच्या आत ताटे उचललेली असतात. शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आठला सुरू होतात तेव्हा माझा ओटा पुसून दोन तास झालेले असतात. हा जो मोकळा वेळ हाती लागतो त्यात मी चाळीस वर्षे वाचत आले. पुस्तकांची ददात नाही. बदलापुरात श्याम जोशी यांनी उभे केलेले ‘ग्रंथसखा’ आहे, तिथे जुनी मराठी पुस्तके अशी काही आहेत की कपाटापुढे उभे राहिले तरी तासभर जातो. सिनेमाचे मात्र जमायचे नाही. उल्हासनगरला अशोक-अनिलला सहाचा खेळ धरला तर अंथऊ बुडणार, तीनचा धरला तर यांची ड्यूटी. त्यामुळे सिनेमा आमच्याकडे आधी टीव्हीवरून आला, मग मुलाच्या लॅपटॉपवरून आणि आता नातीच्या मोबाईलवरून.

आज ज्या सिनेमाविषयी लिहायचे आहे तो मुलानेच दाखवला होता. ‘शिप ऑफ थीसियस’. आनंद गांधी यांचा. 2013 च्या जुलैत लागला आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. नाव ऐकून मी म्हटले, जहाजाची गोष्ट दिसते. जहाज कुठेच नाही. जहाजाच्या एकेक करून सगळ्या फळ्या बदलल्या तर ते तेच जहाज राहते का, असे एक जुने ग्रीक कोडे आहे, त्यावरून नाव घेतले आहे. तीन गोष्टी आहेत, तिन्ही माणसांच्या शरीरात दुसऱ्या कुणाचा तरी अवयव बसवला जातो. पहिली फोटो काढणाऱ्या मुलीची, तिसरी शेअर दलालाची. मला धरून ठेवले ते मधल्या गोष्टीने.

त्यात मैत्रेय नावाचा एक साधू आहे. सिनेमात त्याचा पंथ काल्पनिक ठेवलाय, पण पांढरी वस्त्रे, अनवाणी विहार, बोलणे-चालणे पाहून आपल्यापैकी कुणालाही कळावे की हे कुठून घेतले आहे. औषधांच्या आणि प्रसाधनांच्या चाचण्यांसाठी प्राण्यांचे हाल होतात, त्याविरुद्ध तो कोर्टात लढतोय. कोर्टाच्या गर्दीत पायाखाली येणारी एक गोम तो कागदावर अलगद घेऊन बाजूला सोडतो, तो प्रसंग बघताना यांनी मान डोलावली होती. पुढे त्या साधूला लिव्हरचा आजार होतो आणि जी औषधे घ्यायची ती त्याच चाचण्यांतून आलेली. तो नाही म्हणतो. शरीर झिजत जाते. नीरज कबी या नटाने त्यासाठी स्वतःचे वजन असे उतरवले आहे की मला ते बघवेना. शेवटी तो अन्नत्यागाकडे वळतो आणि अगदी कडेला पोचल्यावर उपचार स्वीकारतो, दुसऱ्याचे लिव्हरही.

तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले. मुलगा म्हणाला, साधू शहाणा झाला. हे म्हणाले, साधू ढळला. मी सून आणि भाजी यांच्यामध्ये होते, माझे मत कुणी विचारले नाही.

यांच्याविषयी थोडे सांगायला हवे. हे पस्तीस वर्षे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, हिशेब विभागात. लग्न होऊन कोल्हापूरकडून इकडे आले तेव्हा आमच्या नातेवाइकांत कुजबुज होती की जैनाने दारूगोळ्याच्या कारखान्यात कसे काम करावे. हे शांतपणे सांगत, आपल्याकडे श्रावकासाठी हिंसेचे चार प्रकार मानले आहेत. मुद्दाम ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या धंद्यात होते ती उद्योगी आणि रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. श्रावकाने संकल्पी पूर्ण सोडायची, बाकीच्या जमेल तितक्या कमी करायच्या. वर म्हणत, श्रवणबेळगोळचा बाहुबली ज्याने घडवून घेतला तो चामुंडराय सेनापतीच होता की! त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतही त्याचे नाव कोरले आहे, हे सांगताना त्यांचा आवाज थोडा चढायचा. नातेवाईक गप्प बसत. पटले म्हणून की कंटाळून, देव जाणे.

तर असा माणूस. नोकरीत नियमाला वाट काढून देणारा आणि पानात मात्र काटेकोर. कंदमुळे नाहीत, गाळल्याशिवाय पाणी नाही, बिस्किटाच्या पुड्यावरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचणार.

2019 च्या पावसाळ्यात, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती तोच पावसाळा, यांना पहाटे छातीत कळ आली. मुलाने कल्याणला एका इस्पितळात नेले. तिथे जे करायचे ते त्यांनी भराभर केले आणि दुपारपर्यंत स्टेंट बसला. माणूस वाचला. दोन दिवसांनी वॉर्डात यांनी फाईल मागितली. हिशेबाचा माणूस, कागद वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यात ‘हेपारिन’ हा शब्द होता. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात. मुलाला विचारले, हे कशापासून करतात. त्याने मोबाईलवर पाहिले आणि मोबाईल खिशात ठेवला. यांनी पुन्हा विचारले. मग त्याने सांगितले. डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून.

हे काही बोलले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको उल्हासनगरच्या कॅम्प चारची, सिंधी. तिचा चालिहोचा चाळीस दिवसांचा उपवास चालू होता आणि त्यात ती नवऱ्याची उस्तवार करत होती. तिने ऐकले होते सगळे. मला बाहेर पाण्याच्या नळाशी गाठून म्हणाली, "दवा में सब माफ है, भाभी." किती प्रेमाने म्हणाली! मला तिच्यासारखे वाटून घेता आले असते तर बरे झाले असते.

घरी आल्यावर रात्री हे म्हणाले, "मला न विचारता दिलं."

मी म्हटले, "अहो, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता?"

"तेच तर मला कळलं असतं," हे म्हणाले.

मला त्या वाक्याचा राग आला, आणि तो राग बरेच दिवस टिकला. यांना स्वतःची परीक्षा हुकल्याची खंत. पण त्या परीक्षेचा निकाल कुणाच्या कपाळावर लिहिला गेला असता? साधूला बायको नव्हती. सिनेमा करणाऱ्याला ती सोय होती. मैत्रेयने हो म्हटले काय, नाही म्हटले काय, सकाळी उठून कुणाला त्याची रिकामी खुर्ची बघायची नव्हती.

मग औषधांचे प्रकरण सुरू झाले. एक कॅप्सूल होती. तिचे कवच जिलेटिनचे, म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी. हे म्हणाले, उघडून आतली पूड पाण्यातून घेतो. केमिस्ट म्हणाला, काका, असे करू नका, आतल्या दाण्यांवर पोटात विरघळू नये म्हणून लेप असतो, औषध वाया जाईल. अखेर डॉक्टरांनी त्याच औषधांच्या वेगवेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. गोळीतही काय काय असते म्हणा. वनस्पतीपासून केलेली कॅप्सूलही निघाली आहे, पण प्रत्येक औषध तिच्यात मिळत नाही. खाण्याच्या पाकिटावर हिरवी खूण असते, औषधाच्या पाकिटावर ती नसते, त्यामुळे दर महिन्याला दुकानात उभे राहून विचारायचे काम माझ्याकडे आले. धर्माचा नियम पुरुष घेतो आणि रांगेत बाई उभी राहते, हे आपल्यात नवे नाही.

त्या दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचली. पहिला भाग 1934 चा, पण वाटते काल कुणी समोर बसून सांगितले. त्यांच्या वडिलांचे सोवळे ज्यांनी वाचले आहे त्यांना ते विसरता येणार नाही. 1857 च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, त्याचा धक्का वडिलांच्या मनाने घेतला आणि ते सोवळ्याच्या आहारी गेले. घरात येईल ते धुवायचे. बायको, मुले सगळी त्या पाण्यात भिजलेली. लक्ष्मीबाई हे चिडून सांगत नाहीत, हसत सांगतात, आणि म्हणूनच ते जास्त लागते. वाचताना मनात आले की भीतीतून आलेला नियम आणि दयेतून आलेला नियम बाहेरून अगदी सारखे दिसतात. दोन्हीत भिंग लागते, दोन्हीत घरातली बाई दमते. यांचा नियम कुठला? मी यांना चाळीस वर्षे ओळखते. गोम कागदावर घेणाऱ्यांपैकी आहेत हे. तो भीतीचा नाही. तो भीतीचा असता तर मला भांडायला सोपे गेले असते.

मी बी.कॉम. आहे. त्याचा उपयोग संसारात दूधवाल्याच्या हिशेबापलीकडे झाला नाही, पण कॉस्टिंग माझा आवडता विषय होता. त्यात उपउत्पादन म्हणून एक प्रकरण असते. एका मालाच्या प्रक्रियेतून दुसरा लहानसा माल आपोआप निघतो, तो उपउत्पादन. मुळचा सगळा खर्च मुख्य मालावर टाकतात, उपउत्पादनावर नाही. कॅप्सूलविषयी लोक हेच सांगतात : जनावर मांसासाठी मारले जाते, कॅप्सूल काय, उरलेल्या हाडांची. पाप खाणाऱ्याच्या खात्यावर. मलाही हे काही दिवस बरे वाटले. पण पुस्तकातली पुढची ओळ मला पाठ आहे, आणि ती विसरता येत नाही. उपउत्पादन विकून जे पैसे येतात ते मुख्य मालाच्या खर्चातून वजा करतात. म्हणजे हाडे, कातडी, आतडी विकली गेली की तेवढे मांस स्वस्त पडते. आपण दिलेला रुपया कुठे जमा झाला, हे खतावणीत स्पष्ट दिसते.

हे मी जेवताना बोलून दाखवले. हे खुश झाले, मला वाटते लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या डिग्रीवर खुश झाले. पण नात, अकरावी सायन्सची, ती म्हणाली, "आजी, मग दूध?"

"दुधाचं काय?"

"दूध मुख्य माल. रेडकू उपउत्पादन. त्याचे पैसे कुठे वजा होतात?"

ताटात तूप होते, दह्याची कोशिंबीर होती. कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गवळ्याला विचारले, तबेल्यातली नर रेडके कुठे जातात रे? तो वीस वर्षे आमच्याकडे येतो. म्हणाला, "काकू, आजवर नाही विचारलंत, आता कशाला विचारता?" आणि माप भरून निघून गेला. मी दूध बंद केलेले नाही. चहा नातीसाठी वेगळा होतो, तिने सोडले आहे. सून म्हणते वयाचे खूळ आहे. असेल. यांनी मात्र तिला एकदाही अडवले नाही.

गेल्या महिन्यात तपासणीत पुन्हा दोन ठिकाणी अडथळा निघाला. आता स्टेंटने भागणार नाही, बायपास करावी असे डॉक्टर म्हणतात. घाई नाही, पण फार लांबवू नका. त्यात रक्त काही वेळ यंत्रातून फिरवतात आणि तेव्हा हेपारिन लागतेच. या वेळी बेशुद्धीत, घाईत काही होणार नाही. या वेळी विचारून देतील.

हे दशलक्षण झाल्यावर सांगतो म्हणाले. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांशी फोनवर बोलले, गावाकडच्या एका चुलतभावाशी बारा वर्षांचा अबोला होता, त्यालाही फोन केला. मला धस्स झाले. माणूस असे हिशेब कधी मिटवतो, ते या वयात सांगावे लागत नाही. मग रात्री म्हणाले, तो साधूचा सिनेमा लाव गं पुन्हा. नातीच्या मोबाईलवर दोघांनी मान वाकडी करून पाहिला. साधू चटईवर पडून आहे तिथे यांनी थांबवला. "पुढचं माहीत आहे," म्हणाले.

मी म्हटले, "तेव्हा तुम्ही म्हणाला होता तो ढळला."

"तेव्हा माझं हृदय धड होतं," म्हणाले आणि हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

बुधवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. विचारायचे प्रश्न एका कागदावर लिहून न्यायचे ठरले, कारण तिथे गेल्यावर सुचत नाही. पहिला प्रश्न यांनी स्वतःच्या हाताने लिहिला आहे, हेपारिनला दुसरे काही चालेल का. दुसरा मी लिहिला आहे, ऑपरेशन नाही केले तर किती दिवस. यांनी तो वाचला, आणि खोडला नाही.