छिन्नी स्वतःच्याच हाती

अमेरिकन शिल्पकर्ती एडमोनिया लुईसच्या ‘क्लिओपात्राचा मृत्यू’ या शिल्पाचं छायाचित्र पाहताना माझी नजर राणीच्या चेहऱ्यावर ठरत नाही. ती त्या लोंबत्या हाताकडे जाते. मान कलंडलेली, नागानं आपलं काम केलेलं. एकोणिसाव्या शतकातल्या इतर शिल्पकारांनाही क्लिओपात्रेची ओढ होती, पण मरणाच्या विचारात गढलेल्या, जिवंत राणीची. विल्यम स्टोरीनं तशीच घडवली. एडमोनियानं मरण झाकलं नाही. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात लोक या क्लिओपात्रेपुढे थबकत. कुणाला ती भव्य वाटली, कुणाला भेसूर.

मरण एडमोनियानं जवळून पाहिलं होतं. १८४४ च्या सुमाराचा जन्म. वडील कृष्णवर्णीय, आई ओजिब्वे या मूलनिवासी अमेरिकन जमातीच्या वंशाची. दोघंही ती लहान असतानाच गेले. भावाच्या पैशावर ती अमेरिकेतल्या ओबरलिन कॉलेजात शिकायला गेली. तिथे १८६२ साली, बरोबर राहणाऱ्या दोन मुलींना मसालेदार वाइनमधून विष दिल्याचा आळ तिच्यावर आला. न्यायालयात काय ते ठरण्याआधीच जमावानं तिला ओढून नेलं, बेदम मारलं आणि थंडीत शेतात टाकून दिलं. जॉन मर्सर लँग्स्टन या कृष्णवर्णीय वकिलानं तिची बाजू लढवली. ती निर्दोष सुटली.

मग बॉस्टन. अमेरिकेच्या यादवी युद्धात कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचं नेतृत्व करताना पडलेल्या कर्नल शॉचा अर्धपुतळा तिनं केला, आणि त्याच्या प्लास्टरच्या प्रती विकून रोमच्या प्रवासाचे पैसे उभे केले.

रोममध्ये रीत अशी, की शिल्पकारानं मातीचा नमुना करावा आणि संगमरवर इटालियन कारागिरांनी कोरावा. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. फक्त बाई शिल्पकार असली की लगेच कुजबुज सुरू, काम हिचं नाहीच म्हणून. हॅरिएट हॉस्मरसारख्या नावाजलेल्या शिल्पकर्तीलाही हा आरोप चुकला नाही. एडमोनिया बरंचसं कोरीवकाम स्वतःच करी. हाताशी पैसा कमी होता, हे खरंच. पण एकदा खोटा आळ अंगावर घेतलेली बाई दुसऱ्या आळाला जागा ठेवील कशी? मला तरी त्या छिन्नीच्या हट्टामागे ओबरलिनची ती रात्र दिसते.

१,३०० किलोंहून जड अशी क्लिओपात्रा अमेरिकेतच राहिली. शिकागोतल्या दारूच्या गुत्त्यात शोभेला बसली. पुढे एका जुगाऱ्यानं ती आपल्या क्लिओपात्रा नावाच्या शर्यतीच्या घोड्याच्या थडग्यावर उभी केली. तिथलं शर्यतीचं मैदान गेलं, गोल्फचं आलं, मग कारखाना आला. शेवटी ती सामानाच्या एका आवारात पडली. बालवीरांनी सद्भावनेनं तिला रंगही फासला! १९९४ साली ती स्मिथसोनियन या संग्रहालयाच्या संग्रहात पोचली.

एडमोनिया १९०७ साली लंडनमध्ये वारली. घोड्याच्या थडग्यावर तिचं शिल्प होतं. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत तिच्या कबरीवर तिचं नाव कोरलेला दगड बसला, तो २०१७ साली.