औंधच्या टेकडीवर युरोप

परदेशी जाऊन कलेच्या इतिहासाचा अभ्यास करण्याची संधी मोजक्यांनाच लाभते. वाचकहो, आपल्या घरी असा भाग्यवान विद्यार्थी असेल, तर प्रथम त्याला औंधला न्यावे. बंगळूरजवळील बोम्मसंद्र्याहून बेळगाव, कोल्हापूर करीत सातारा जिल्ह्यात यावे. औंधास यमाईच्या टेकडीच्या उतारावर, स्वतः चित्रकार असलेले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेले संग्रहालय आहे. राजा रविवर्मा यांच्या चित्रांबरोबरच तेथे हेन्री मूर या विख्यात इंग्रज शिल्पकाराचे ‘माता व बालक’ हे मूळ शिल्प आहे. पुस्तकातील छायाचित्र शिल्पाची एकच बाजू दाखविते. येथे दोन पावले सरकताच सावल्या बदलतात, आकाराचा भरीवपणा जाणवतो. ही नजर घेऊन जो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जाईल, तो केवळ प्रसिद्ध नावे मोजून परतणार नाही.